दाजी मिस्त्रीचा मोर

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. तुम्हाला कामधंदा नाही, आणि मला लिहायचा कंटाळा. शाळा दुसरीतच सुटली. पण दाजी मिस्त्रीच्या हाताखाली राबलेल्या माणसाकडे किस्से साठणारच. त्याच्या अंगणात फुटक्या कपबश्या साठायच्या तसे!

दाजी रत्नागिरीत फुटक्या चिनीमातीची जमीन करायचा. लोकांनी उकिरड्यावर टाकलेल्या बरण्या, बश्या, बाटल्या चुन्यात बसवून त्यातून वेल काढी, मासा काढी. तसा हात पुन्हा बघितला नाही.

*

एकदा बाजारातल्या हॉटेलात गड्याच्या हातून कपांचा ट्रे पडला. मालक गड्याला शिव्या घालतोय, तोवर दाजी आत शिरून खाली गोणपाट पसरतोय!

"मिस्त्री, इथं माझं नुकसान झालंय!"

"झालं ते झालं. कपांचे कान तेवढे तुडवू नका. कमळाच्या पाकळ्या होतात त्यांच्या!"

*

त्याची बायको सुभद्रावैनी त्याच्या वरताण. वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे, कोटाची बटणं, शिंपले तारेत गुंफून गळ्यातलं करायची. सोनाराच्या बायकोनं नाक मुरडलं, "फुटक्या बांगड्या गळ्यात? अशुभ गो!"

वैनी म्हणाली, "मनगटावर शुभ होत्या ना? थोड्या वर सरकल्या, एवढंच!"

दिवाळीत तीच सोनारीण मागच्या दारानं आली. "मला हिरवं करून द्या. आमच्या ह्यांना सांगू नका!"

*

एका मुंबईकरानं घरात विलायती लाद्या घातल्या आणि मुद्दाम दाजीला बोलावून दाखवल्या. सगळ्या एकसारख्या. दाजीनं उकिडवं बसून हात फिरवला.

"झकास आहेत. फुटल्या की कळवा!"

*

पण दाजी एकदा रडकुंडीला आलेला मी बघितलाय. गुहागरकडे एका देवळाचा सभामंडप करत होतो. मधोमध मोर. उत्सव तोंडावर आला आणि निळे तुकडेच संपले. मोराचा गळा उघडा!

पंच म्हणाले, "उद्या पालखी यायच्या आत गळा भरा, नाहीतर मोर उखडा. बिनगळ्याचा पक्षी देवापुढं नको!"

दाजी जेवला नाही. मोराच्या शेजारीच बसून राहिला.

सकाळी गावचा खोत बापूराव आला. उपरण्यात निळे तुकडे, काठाला सोनेरी रेघ!

"कुठनं आणले विचारायचं नाही. बसवा!"

दाजीनं असा गळा भरला की मोर आता मान वळवील असं वाटावं. पालखी कडेनं आणून बसवली. आरती सुरू झाली. खोतीणकाकू पुढं आल्या, वाकल्या, सोनेरी रेघ बघितली आणि किंचाळल्या, "माझ्या माहेरची थाळी!"

मग माझ्याकडे बोट. "ह्या गंग्यानं चोरली! काल पाणी मागायला आला होता मेला!"

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार, तर दाजीनं माझा दंड धरला. कानात म्हणाला, "गंग्या, गप ऱ्हा. खरं बाहेर आलं तर काकू आत्ताच तुकडे उपटतील. चुना अजून ओला आहे!"

मी खोताकडे बघितलं. तो डोळे मिटून जोरजोरात टाळ्या वाजवत होता. बाकी कुणाबद्दल तक्रार नाही, पण एका माणसानं अजून माझी माफी मागायची आहे. बापूराव खोत!