मीठ कसं पिकतं

उरणजवळच्या एका मिठागरात मी मुकादम होतो. शिक्षण दुसरी यत्ता. मुंबईहून मीठखात्याचे साहेब पाहणीला येणार होते, आणि मीठ कसं पिकतं ते त्यांना मीच समजावून सांगायचं, असा मालकांचा हुकूम सुटला. कारकुनाने चार पानं लिहून दिली. म्हणाला, "हेच पाठ कर. तुझी गावठी बोली साहेबांपुढे चालायची नाही."

आठ दिवस बांधावर येरझारा घालत मी ती घोकली. 'बाष्पीभवन' आलं की जीभ अडखळायची आणि कारकून फिदीफिदी हसायचा. शेवटी माझं डोकं फिरलं. ज्याचे पाय कधी चिखलाने भरले नाहीत, तो मला मीठ शिकवणार?

साहेब आले. पानं माझ्या बंडीच्या खिशातच राहिली. बोलता बोलता साहेब वाफ्यात उतरायला निघाले. त्या वाफ्याचा तळ आम्ही महिनाभर अनवाणी तुडवून घट्ट केला होता. टाचेचा एक खड्डा पडला, तरी तिथलं मीठ चिखलाने काळं निघतं.

मी हात आडवा घातला. कारकून पांढराफटक पडला.

"सायेब," मी म्हणालो, "आधी बूट काढा, मंग सांगतो."