पिंकीबाईंचं मोजमाप

कुडव्याच्या भोजराज शहारे मिस्त्रीने थोरल्या लेकीचं नाव हौसेने पिंकी ठेवलं. शाळेत घालताना चांगलं भारदस्त नाव देऊ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. दहावीच्या सनदेवर पिंकी, सिव्हिलच्या डिप्लोम्यावर पिंकी, आणि १९९९ साली गोंदियातल्या नंदलाल ठेकेदाराकडे अर्ज टाकला त्यावरही पिंकी भोजराज शहारेच.

नंदलालने अर्ज वाचून चष्म्यावरून पाहिलं. "घर का नहीं, असली नाम बताओ बेटी."

"हेच असली हाये, शेठ."

त्या वर्षी गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. जिकडे तिकडे नवीन कचेऱ्या, नवीन शाळा, नवीन रस्ते. नंदलालला मोजमाप करणारा माणूस हवाच होता, पण बाई त्याच्या हिशेबात नव्हती. "साइट पर जाना पड़ेगा. लेबर हँसेगा," तो म्हणाला.

"हसू द्या. रडून काम करण्यापेक्षा बरं."

नंदलालने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "इसमें कितनी ईंट लगी होगी?"

पिंकीने भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली, वर पाहिलं आणि विचारलं, "खिडकीची जागा सोडून सांगू की धरून?"

नंदलाल मोठ्याने हसला. आतापर्यंत आलेल्या चारही पोरांनी खिडकीच्याही विटा मोजून टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पिंकी कामावर रुजू झाली.

काम तसं सांगायला सोपं होतं. इमारत उभी राहण्याआधी नकाशा पाहून किती विटा, किती रेती, किती लोखंड लागेल ते काढायचं, आणि काम झाल्यावर खरोखर किती झालं ते टेप लावून लिहायचं. आई कुसुमबाईचा जन्म नवऱ्यामागे घमेली वाहण्यात गेला होता. ती शेजारणींना सांगायची, "माहा नवरा घर बांधून मोजते, माही पोरगी मोजून बांधते."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात नंदलालने तिला चोरखमाऱ्याच्या बाजूच्या एका गावात पाठवलं. तिथल्या जुन्या तलावाची पाळ खचली होती. तलावाच्या पोटातली माती खोदून पाळीवर टाकायची, असं काम. अशा खोदकामात जागोजागी मातीचा एकेक खुंट न खोदता तसाच ठेवतात. खुंटाच्या माथ्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत टेप सोडली की किती खोदलं ते कळतं, आणि त्यावरून पाळीवर किती माती पडली तेही कळतं.

पिंकी लुना उभी करून खड्ड्यात उतरली. काठावर पळसाखाली दुधराम कापगते बसले होते. त्यांच्या खापरपणज्याने हा तलाव बांधला, असं गाव सांगे, आणि पाळीवर पडणारं एकेक टोपलं ते डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

पिंकीने पहिला खुंट मोजला, दुसरा मोजला. तिसऱ्याला टेप लावणार तोच वरून आवाज आला, "पोरी, टेप मंग लावजो. आधी माती पाह्य."

"कायले, आजोबा?"

"बाकीच्या खुटायवरचं गवत वाळून पिवळं पडलं. यावरचं वैशाखात हिरवंगार काऊन आहे?"

पिंकीने निरखून पाहिलं. तलावाच्या गाळाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक दिसत होते. पण माथ्यावरच्या वीतभर मातीत थराचा पत्ता नव्हता. तिने गवताचा झुपका धरून ओढला. डोक्यावरची टोपी निघावी तसं अख्खं ढेकूळ तिच्या हातात आलं. खोदकाम जास्त दिसावं म्हणून नंदलालच्या मुकादमाने, शालीकरामने, खुंटाची उंची वाढवली होती, आणि वरचं गवत जगावं म्हणून त्याला रोज पाणीही घातलं होतं.

"उंदरानं केलं असन, बाई," शालीकराम म्हणाला.

"उंदीर गवताले पानी घालते काय रे?" दुधराम म्हणाले, तशा माती वाहणाऱ्या बाया टोपली खाली ठेवून हसू लागल्या. अशी वीतभर वाढ पाच खुंटांवर निघाली.

पिंकीने खरं तेवढंच माप लिहिलं. शालीकराम चिडला. "तुमी शेठचाच मानूस, शेठचंच काम, अन् माप कमी लिवता? उद्यापासून घरी बसा आता!"

पिंकीने लुना गोंदियाकडे वळवली. ती घरी न जाता थेट ऑफिसात गेली आणि सगळं सांगितलं. नंदलालने हातातला पेन तिच्या मापावर टेकवला. "अपना ही काम, और तुमने कम लिख दिया?"

"मी कमी नाही लिहिलं, शेठ. पाळच कमी भरली आहे. आषाढात फुटली तर लोक शालीकरामचं नाव घेणार नाहीत, तुमचं घेतील."

नंदलालने पेन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी शालीकराम वीस माणसं घेऊन तलावावर हजर झाला, आणि राहिलेली माती पाळीवर पडेपर्यंत दुधराम पळसाखालून हलले नाहीत. त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पाळ जागची हलली नाही. नंदलाल तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला सांगू लागला, "माप पिंकीबाई का है, आँख मूँदकर मान लो."

दुधरामांकडे तिचं जाणं-येणं सुरूच राहिलं. कोणती माती दाबली की घट्ट बसते, कोणती फुगते, हे कॉलेजात न शिकवलेलं तिला त्यांच्याकडून कळलं. पहिल्या वर्षी तिचा चहा बाहेर ओसरीवर यायचा, वेगळ्या कपात. तिसऱ्या वर्षी दुधरामांच्या बायकोने, मनकर्णाबाईने, तिला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि आपल्याच ताटाशेजारी ताट मांडलं. पिंकी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली.

२००३ मध्ये तिचं लग्न लोकेशशी झालं. तो शाळामास्तर. पाहायला आला तेव्हा म्हणाला, "दारातून आलो तेव्हापासून तुम्ही मला मोजूनच राहिल्या." ती म्हणाली, "झालं मोजून. चालते." पुढे मुलगी समीक्षा झाली, लुना जाऊन स्कूटी आली, ऑफिसात कॉम्प्युटर आला. महिनाभर ती त्याच्याशी भांडली आणि मग ऑफिसातल्या सगळ्यांना तिनेच तो शिकवला. नागपूरचे इंजिनियर फोनवर "पिंकी सर आहेत का?" असं विचारायचे, ती खुशाल "बोलतोय" म्हणायची.

२०१३ साली भोजराज मिस्त्रीने जाहीर केलं, "आता सोताचं घर बांधतो." आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, स्वतः मात्र कौलारू दोन खोल्यांतच राहिला होता. पिंकी नकाशा आणि अंदाजपत्रक घेऊन आली.

"कागद कायले पाहिजे? चाळीस वर्षं बिनाकागदाची घरं बांधली," बाप म्हणाला. "साडेअकरा हजार विटा."

"तेरा हजार, बाबा."

दोघं हट्टी. दोन्ही आकडे कोळशाने जुन्या भिंतीवर लिहून ठेवले. भिंत चढू लागली तसे रोज संध्याकाळी शेजारचे लोक विटांचा रचलेला चट्टा पाहायला येऊ लागले. साडेअकरा हजार संपल्या तेव्हा पिंकीने पेढे वाटले. तेरा हजारही संपल्या तेव्हा भोजराजने वाटले.

घरभरणीला बुद्धवंदना झाली, खीर झाली. शेवटचा आकडा निघाला चौदा हजार तीनशे. दोघं वही घेऊन कुठे चुकलं ते शोधत बसले असताना कुसुमबाई खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"मी गवंड्याले सांगून मागं ओटा वाढवून घेतला. आन् एक कोठीची खोली. तुमी दोघं समोर त्या आकड्यावरून भांडूनच राहिले होते, तं मले वाटलं तुमाले कायले तरास द्या."

भोजराजने वही मिटली. मग पिंकीने पर्समधून टेप काढली आणि कोठीची खोली मोजायला मागच्या दाराने आत गेली. भोजराज दुसरं टोक धरायला तिच्या मागोमाग उठला.