हातगाडीपुढचं गाऱ्हाणं

मिरकरवाड्यातल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून चढावरच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान न्यायला शेजाऱ्याची हातगाडी मागून आणली. एरवी तिच्यावर बर्फ आणि मासळी जाते. कितीही धुतली तरी गाद्यांना बांगड्याचा वास लागणारच होता. बायको म्हणाली, "बरंच आहे, तिकडे परकं वाटायला नको."

आई गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. भांडी गुंडाळली, तीही कुणा दुसऱ्याची असावीत तशी. बाबांना इथे एकटं ठेवायचं नाही, एवढं मात्र ठरलं होतं. ठरवलं मीच. बाबा नुसते "बघू" म्हणाले होते, मी तो होकार धरला आणि त्यांचा पलंग सगळ्यांत आधी, गाडीच्या तळाला घातला.

निघताना बाबांनी गाडीपुढे नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घातलं. शेजारीपाजारी हात जोडून उभे. आमच्याकडे दर मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मागणं ऐकायलाच हवं असं काही नाही.

"बा देवा म्हाराजा, पोरं आज नव्या घरात चाललीत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची भरभराट कर..."

"व्हय म्हाराजा!"

"मी म्हातारा काय जात नाय. हितंच ऱ्हातो. मला सांभाळून घे..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

बायकोने कोपर मारलं. "कशाला व्हय म्हणालात, कळलं का?"

"बाबा, हे काय? मला आधी सांगायचंत ना!"

"देवाला सांगितलं. तू बाजूलाच होतास." नारळ फोडून ते खोबरं वाटायला लागले.

"आता फिरवू नको रे," शेजारची काकू म्हणाली. "देवासमोर बोललास."

पलंग तळाला, म्हणून अख्खी गाडी उतरवली. तो परत आईच्या फोटोखाली गेला. पुन्हा रचताना मी कपाट पार मागे टाकलं. चढ लागताच गाडी मागे कलली, पुढचा दांडा वर गेला आणि त्याला धरलेला मीही. पाय अधांतरी.

"वजन पुढे घे, येड्या!" बाबा दारातून ओरडले. गल्ली हसली. मीही हसलो असेन.

आता संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मी तोच चढ उतरतो.

"वर बरं आहे ना?" ते विचारतात.

व्हय म्हणतो. प्रश्न तेवढा आता आधी पूर्ण ऐकून घेतो.