एक बोर्ड, दोन विल्सन आणि गेट पास

फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळी साडेआठ. कुवेतमधलं मीना अब्दुल्ला हे गाव, तिथल्या आमच्या साइटवरची विल्सन शेड.

हजर : विल्सन गँगचे अकरा पाइप फिटर, सुट्टीचा दिवस असूनही हेल्मेट घालून. त्यांचे म्होरके मिस्त्री, इस्त्री केलेल्या शर्टात. विल्सन बसचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. प्रोजेक्ट मॅनेजर विल्सनसाहेब. शिडी घेऊन आलेला एक सुतार. आणि मी, साइट ऑफिसची ॲडमिन, हातात यादी.

गैरहजर : मूळ विल्सन.

पुढे गोंधळ नको म्हणून आधीच सांगते. शेडला, बसला आणि गँगला विल्सन म्हणतात त्याचा विल्सनसाहेबांशी काही संबंध नाही. ही गोष्ट साइटवर सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना नाही.

आमच्या लाइनीत गँग तिच्या पहिल्या फोरमनच्या नावाने ओळखली जाते, आणि फोरमन गेला तरी नाव जात नाही. मूळ विल्सन हा कुणीतरी इंग्रज फोरमन होता, इथल्याच अहमदीच्या तेलाच्या जुन्या कामांवर. त्याच्या हाताखाली कोकणातले आठ-दहा फिटर होते. तो मायदेशी गेला, माणसं राहिली. पुढे कंपन्या बदलल्या, मंगळूरचा फोरमन आला, मग इजिप्तचा, शेवटी मिस्त्रीच फोरमन झाले. आज गँगमध्ये देवगड, कणकवली, राजापूर एवढंच भेटतं. तरी गेटवर विचारलं, "कुठली गँग?" तर उत्तर येतं, "विल्सन."

नाव एकदा चिकटलं की पसरतं. ही माणसं जलीबच्या कामगारवस्तीत ज्या खोलीत राहतात तिला विल्सन रूम म्हणतात. त्यांना आणणारी बस विल्सन बस, काचेवर तशी पाटीच आहे. हेल्मेटवर स्टेन्सिलने काढलेला इंग्रजी डब्ल्यू. मिस्त्रींच्या मोठ्या भावाने कुवेतच्या कमाईवर देवगडकडे रस्त्यालगत घर बांधलं, तर एसटीचा कंडक्टर तिथे "विल्सन उतरा" असं ओरडतो, हे मला मिस्त्रींनी सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही. महाबळेश्वरला शाळेच्या सहलीत आम्हाला पहाटे चारला उठवून विल्सन पॉइंटवर नेलं होतं. भंडारदऱ्याच्या धरणाचं नावही विल्सनच. दोन्ही ठिकाणी, हा विल्सन कोण, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आम्ही डबे खाल्ले आणि परत आलो.

मिस्त्रींचा हा मोठा भाऊ मूळ विल्सनच्या हाताखाली होता. हात चित्रकाराचा. त्याने तेलाच्या पिंपाचा पत्रा सरळ ठोकून त्याचा बोर्ड केला, निळ्या रंगावर पांढरी इंग्रजी अक्षरं काढली, आणि सही म्हणून खालच्या कोपऱ्यात एक बांगडा. गँग जिथे गेली तिथे तो बोर्ड गेला. आमच्या साइटवर तो चहाच्या शेडवर लागला.

नोव्हेंबरात नवे प्रोजेक्ट मॅनेजर आले. आडनाव विल्सन. पहिल्याच दिवशी साइटचा फेरफटका मारताना त्यांना समोरून विल्सन बस येताना दिसली. मग डब्ल्यूवाली अकरा हेल्मेटं. मग शेड आणि शेडवर बोर्ड. साहेब बोर्डासमोर थांबले. त्याच सकाळी ऑफिसात ओळख करून घेताना, आपल्याला मासेमारीचा छंद आहे, असं ते सहज बोलले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या बांगड्याकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी यादीत बघत होते.

साहेबांनी गँगला गोळा केलं आणि सांगितलं, की आपण सहा देशांत काम केलं, पण येण्याआधीच एवढं प्रेम कुणी दिलं नव्हतं. बोलताना त्यांनी चष्मा पुसला. गँगने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चाचांनी बसचा हॉर्न वाजवला, तो वाजवायची गरज नव्हती.

आठवड्याभरात शेडसमोर हिरवी सावलीची जाळी लागली, पन्नास माणसं बसतील एवढी, आणि थंड पाण्याचा नवा कूलर आला. दोन्हींची मागणी माझ्या फाइलमध्ये दोन वर्षं पडून होती.

डिसेंबरात मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. जानेवारी संपली की त्यांचा व्हिसा रद्द होणार, मग ते कायमचे गावी.

"ताई, माका एकच वस्तू होयी. तो बोर्ड."

"जुन्या पत्र्याला कोण नाही म्हणणार? लिहून ठेवते."

"भावाचे डोळे जातत. काचबिंदू. पावसापर्यंत दिसात तेवढा दिसात, असा डॉक्टर म्हणता. तेका तो बोर्ड हातात धरून बघूचो आसा."

"फोटो पाठवा की फोनवर."

"धाडलंय. फोनार बघल्यान आणि म्हणालो, बांगड्याचो डोळो दिसणा नाय."

मी यादीत लिहिलं : बोर्ड, मिस्त्रींना, जाण्याआधी. माझ्या यादीत एकदा आलेली गोष्ट होते. ही बढाई नाही, ऑफिसात तसा समज आहे. मिस्त्री निर्धास्त होऊन गेले.

जानेवारीत सेफ्टीचं परिपत्रक निघालं : सगळ्या शेडना यापुढे क्रमांक, जुने बोर्ड उतरवावेत. मी मनात म्हटलं, बरंच झालं, आपोआप उतरेल. परिपत्रकावर सही करता करता साहेब म्हणाले, शेडवरचा बोर्ड मात्र फेकू नका, तो मी घेणार आहे. त्यांची आई नव्वदीची, वृद्धाश्रमात असते. मुलाच्या नावाचा बोर्ड वाळवंटात लागलाय हे तिने तिथल्या सगळ्या बायकांना सांगितलंय. तिला तो पलंगासमोर लावायचाय.

"तुम्ही पास तयार करा," असं सांगून ते मीटिंगला गेले.

हा पास समजावून सांगायला हवा. आमच्या साइटच्या गेटमधून खिळासुद्धा बाहेर न्यायचा तर गेट पास लागतो. त्यावर वस्तू, नग, कुणासाठी, कशासाठी, हे रकाने भरून प्रोजेक्ट मॅनेजरची सही घ्यावी लागते. सहीशिवाय गेटवरचा माणूस काही सोडत नाही. म्हणजे मिस्त्रींना बोर्ड द्यायचा तर विल्सनसाहेबांची सही हवी, आणि सहीसाठी रकान्यात लिहायला हवं, की हा बोर्ड त्यांचा नाही.

मिस्त्रींचे कागद रेंगाळले आणि त्यांचं जाणं फेब्रुवारीच्या तिसऱ्या गुरुवारवर गेलं. मला तीन आठवडे मिळाले. ते मी कसे घालवले हे लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते. दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. एकदा ते आईशी फोनवर बोलत होते. दुसऱ्यांदा त्यांनी मलाच विचारलं, "हा मासा कुठला? आई विचारते." मी म्हटलं, "बांगडा." त्यांनी स्पेलिंग विचारलं, मी लिहून दिलं आणि बाहेर आले.

घरी जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम ना. इट्स वन सेंटेन्स."

नवरा म्हणाला, "हिला याद्या येतात. वाक्यं येत नाहीत."

मग तो शुक्रवार आला. बोर्ड उतरवायचा म्हणून गँगला शेवटचा फोटो हवा होता, आणि साहेबांनाही. सुताराने शिडी लावायच्या आधी सगळे बोर्डाखाली उभे राहिले. साहेब मधोमध. त्यांनी मिस्त्रींना शेजारी ओढून घेतलं आणि खांद्यावर हात टाकला. फोटो मी काढला. तीन काढले, एकात चाचांचे डोळे मिटलेत.

बोर्ड उतरला. मागच्या बाजूला पिंपाचा मूळ लाल रंग आणि देवनागरीत बारीक अक्षरात देवगडकडच्या त्या गावाचं नाव. सुताराने तो भिंतीला टेकवला, अक्षरं पुढे, गाव मागे. साहेबांनी दुरूनच अंगठा दाखवला आणि ते गाडीत बसून गेले.

मी गँगकडे वळले. "हे बघा, परवा ऑफिस उघडलं की मी साहेबांना खरं सांगणार आहे."

राजापूरचा एक फिटर म्हणाला, "ताई, उन्हाळा तोंडावर आलाय."

"मग?"

"जाळी साहेबांनी आपल्या नावासाठी लावली. नाव त्यांचं नाही असं कळलं तर?"

"जाळी कोण काढतंय? ती कंपनीच्या पैशाची आहे."

"याच्या आधीच्या साहेबाने बाकडी काढली होती," चाचा म्हणाले. "तीपण कंपनीच्याच पैशाची होती. मॅडम, तुमी एक काम करा. पंचवीस कागदांच्या मधी हा पास घाला. साहेब बघतो कुठे? पटापट सही मारतो."

"मी तशा सह्या घेत नाही."

"म्हनूनच तुमचं काम होत नाय," चाचा म्हणाले आणि बसकडे गेले.

मिस्त्री इतका वेळ बोर्डावरची धूळ रुमालाने पुसत होते. बांगड्यापाशी आल्यावर ते थांबले.

"ताई, सांगू नकात."

"अहो, भावाचे डोळे?"

"माका बोर्ड होयो. पण मी गुरवारी विमानात बसतलंय, आणि ही पोरां जूनात हय बसतली. माझ्या पत्र्यापायी ह्यांची सावली जातली तर मी गावाक खयच्या तोंडान सांगू, विल्सन गँगचो होतंय म्हणान?"

"सावली जाणार नाही. मी सांगते ना."

"तुमी सांगतास. साहेब सांगूक होयो."

ते बरोबर बोलत होते. साहेबांनी सांगायला हवं, आणि साहेबांनी सांगण्याआधी मी साहेबांना सांगायला हवं. मी मिस्त्रींना म्हटलं, गुरुवारपर्यंत वेळ आहे. ते हसले. "तुमच्या यादीत आसा मा? मग झाला."

रविवारी साहेब अचानक अहमदीला मीटिंगला. सोमवारी ऑडिट. मंगळवारी ते दिवसभर केबिनमध्ये होते, दार उघडं होतं. मी स्टेशनरीची यादी अद्ययावत केली. बुधवारी मी आत गेले आणि म्हटलं, "सर, बोर्डाबद्दल." ते म्हणाले, "हो, घाई नाही, एप्रिलमध्ये रजेवर जाईन तेव्हा नेईन. तोपर्यंत तुमच्याकडे सुरक्षित असू दे. माझा सगळ्यात जास्त विश्वास तुमच्यावर आहे." मी थँक यू म्हटलं.

गुरुवारी चाचांनी विल्सन बसमधून मिस्त्रींना विमानतळावर सोडलं. मी ऑफिसातून फोन केला.

"मिस्त्री, बोर्ड माझ्याकडे आहे. कार्गोने पाठवते. पावसाच्या आत."

"होय, होय," ते म्हणाले. पाठीमागे विमानांच्या घोषणा चालल्या होत्या. "पोरांका सांगा, कूलरचो फिल्टर बदलूचो आसा."

मी ते लिहून घेतलं. फिल्टर त्याच दिवशी बदलला.

आता मार्च संपत आलाय. शेडवर सात हा आकडा आहे. लोक अजून "विल्सनला जा" असंच म्हणतात, आणि नवीन माणसाला वाटतं, साहेबांकडे जायचंय. तो केबिनपर्यंत येतो. साहेब त्याला आनंदाने बसवून घेतात.

बोर्ड माझ्या टेबलामागच्या कपाटात आहे, पुठ्ठ्यात बांधलेला. मिस्त्री दर शुक्रवारी गावाहून फोन करतात. बोर्डाचं एकदाही विचारत नाहीत.

"ताई, सावली आसा मा?"

"आहे. भाऊ कसे आहेत?"

"बरो आसा. परवा अंगणात माका हाक मारल्यान, आणि मी म्होरच उभो होतंय."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" ते म्हणाले, "तेच."

माझ्या ड्रॉवरमध्ये गेट पासचे दोन कोरे फॉर्म होते. एक मी भरलाय. वस्तू : रंगवलेला पत्र्याचा बोर्ड, निळा. नग : एक. कुणासाठी : मिस्त्रींचे मोठे भाऊ, आणि बोर्डाच्या मागे लिहिलेलं गाव. साहेबांची रजा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. त्यांच्या आईला दुसरा बोर्ड करून देता यावा म्हणून मी सुताराकडे नव्या पत्र्याची चौकशी करून ठेवली आहे. मिस्त्रींच्या जागी आलेल्या फोरमनला विचारलं, जाळीबद्दल साहेबांकडून लेखी घेतलं तर चालेल का. तो म्हणाला, लेखी मिळालं तर गँगची हरकत नाही. म्हणजे सगळी तयारी झाली आहे.

"कशासाठी" हा रकाना राहिलाय. तिथे एक वाक्य लिहायचंय आणि तो कागद वरती, एकटा, साहेबांसमोर ठेवायचाय. या रविवारच्या यादीत ते काम पहिलं आहे. मागच्या रविवारीही पहिलंच होतं.