साहेबांचे दोन शब्द आणि करपलेली पोपटी

आमच्या पक्षाला तरुण मतदार सोडून चाललेत, हे मला वरिष्ठांनी सांगावं लागलं नाही. आमच्या घरात तरुण मतदार एकच, माझी मुलगी सायली, आणि ती मला हे रोज जेवताना सांगायची.

"पप्पा, तुमच्या बॅनरवर एवढे फोटो. एक तरी तरुण हाय का त्यात?"

"माझा हाय की!"

"तो तुमच्या लग्नातला हाय!"

मी पक्षाचा वरसे गावचा अध्यक्ष. 'मेळाव्याला तरुण दिसले नाहीत तर पद दुसऱ्याला देऊ,' असं रोह्याच्या साहेबांनी बजावलं, तेव्हा मी हुकमी पत्ता काढला : पोपटी! (मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. या वासाला नको म्हणणारा आमच्याकडे अजून जन्मायचाय.)

कंपनीत शिफ्ट करणारी, नव्या इमारतींत राहणारी बिहारची, केरळची, मोहल्ल्यातली, आदिवासीवाडीवरची, सगळी पोरं बोलावली. आणि चक्क सगळी आली! पद वाचलं, म्हणत मी साहेबांशेजारची खुर्ची पकडली.

जाळ पेटला आणि साहेब उठले. "शेंगा शिजेपर्यंत दोन शब्द बोलतो."

पोपटीला अर्धा तास पुरतो. साहेबांना नाही! आणि आमच्यात साहेब बोलत असताना जो उठला, तो फुटला असं धरतात. मडकं माझ्या जबाबदारीवर, मी खुर्चीला चिकटलेला! साहेब पक्षाच्या स्थापनेपर्यंत आले तेव्हा खमंग वास सुटला. स्वतःच्या तुरुंगवासापर्यंत आले तेव्हा करपट.

मोहल्ल्यातला रफिक मागून कुजबुजला, "काका, मडका काढू का? जळतंय."

"गप रे! साहेब तरुणांवर बोलतायत."

"तरुणांना कायतरी विचारतील ना?"

"शेवटी. वेळ उरला तर."

रफिक उठून गेला. पाठोपाठ बिहारची पोरं, मग वाडीवरच्या मुली. (मला वाटलं, पाणी प्यायला!) "हे समोर बसलेले तरुणच आपलं बळ!" म्हणत साहेबांनी चष्मा लावला. समोर खुर्च्या होत्या. एकीवर कुत्रा होता.

मडकं उलटलं, तर आतून निव्वळ कोळसा! साहेब तडक गाडीत बसले.

तेवढ्यात बांधापलीकडून आमच्या सौभाग्यवतींची हाक आली, "अवो, या लवकर! अंडी संपतील!"

पलीकडच्या शेतात सायलीने दुसरी पोपटी लावली होती! समोरच्या पक्षाची तरुण उमेदवार मातीत मांडी घालून शेंगा सोलत होती आणि वाडीवरच्या मुलींना विचारत होती, "तुमच्याकडं पाणी कधी येतं?" सगळे एकदम बोलत होते, मराठीत, हिंदीत आणि तोंडात घास ठेवून. मला रफिकने सरकून जागा दिली. पक्षनिष्ठा मी क्षणभर आठवून पाहिली; मग कोंबडीची तंगडी घेतली.

सकाळी गावभर मोबाइलवर सायलीने टाकलेला फोटो : 'वरसे येथील युवकांचा जाहीर प्रवेश!' मधोमध मी, दोन्ही हातांत शेंगा. दुपारपर्यंत पद गेलं.

मी सायलीवर ओरडलो, "तो फोटो आधी काढून टाक!"

"पद गेलं म्हणून?"

"नाय गो! युवकाला एवढं पोट शोभतं का?"