बाबांना दिसलेला दिवा

आधीच सांगते — मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि असल्या गोष्टींची टिंगल करण्यात घरात मीच पुढे. त्यामुळे हे लिहायला हात धजावत नव्हता.

आम्ही डमडमला, विमानतळाजवळ राहतो. काचबिंदूने बाबांची नजर पूर्ण गेली, तेव्हापासून ते खोलीबाहेर पडेनात. बोलणंही जवळपास थांबलं. मागच्या थंडीत एका संध्याकाळी मी त्यांना अक्षरशः ओढून गच्चीवर नेलं... शाल, मंकी कॅप, खुर्ची. आसपासच्या घरांतले सांजेचे शंख वाजून तासभर झाला होता, आकाश पुरतं काळं झालं होतं.

दुर्बिणीला कॅमेरा लावून मी एका सर्पिल दीर्घिकेचे फोटो घेत होते. तिच्या मधोमध एक कृष्णविवर भोवतालचं सगळं गिळतंय, म्हणून तिचा गाभा भगभगतो. नुसत्या डोळ्यांना मात्र तिथे काहीच दिसत नाही. बाबांना यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं.

"तिकडे दिवा कुणी लावलाय गं?" बाबा एकदम म्हणाले.

त्यांचं बोट वर होतं. बरोब्बर दीर्घिकेकडे.

दुर्बिणीच्या मोटरच्या आवाजावरून अंदाज बांधला असेल, म्हणून मी मुद्दाम ती दुसरीकडे वळवली. बोट हललं नाही. परत आणली, फोटो सुरू केले.

"गेला," बाबा म्हणाले.

लॅपटॉपवर पुढचा फोटो आला — कोरा! मला न दिसलेला एखादा विरळ ढग आडवा गेला असणार.

"आला बघ!"

आणि खरंच, नंतरच्या फोटोत गाभा पुन्हा लखलखत होता.

भीती नाही वाटली. सगळं शहर पाण्याखाली गेल्यासारखं संथ झालं होतं... विमानतळावर उतरणारं विमानसुद्धा तरंगत गेलं, आवाज न करता.

"कसा दिसतोय, बाबा?"

"मध्ये पांढराशुभ्र. आणि भोवती... दूध ढवळल्यासारखं." ते हसत होते. कित्येक महिन्यांनी.

डॉक्टर म्हणाले, दृष्टी गेल्यावर मेंदू कधीकधी स्वतःच चित्रं रचतो. मान्य. पण मग ढगाचं काय?

पुन्हा तसं कधी घडलं नाही. बाबा मात्र आता रोज संध्याकाळी भिंतीला हात लावत, आपले आपण गच्चीवर येतात. परवा मी त्यांना सांगितलं, तो उजेड आपल्यापर्यंत पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात.

त्यांनी मान हलवली. "छे गं. इतकं लांब नव्हतं ते."

वर्गात मी अंतरं शिकवते. या वाक्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.