कोऱ्या जीपचा हात

परवा आपल्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं. नांदेडहून लातूरला येताना मागून साधी पांढरी गाडी आली, वर दिवा नाही, कुठं 'पोलीस' लिहिलेलं नाही, आणि आतल्या माणसानं "थांबा" म्हणून हात केला. अशा वेळी थांबावं का पळावं? खाली कमेंटांची नुसती जत्रा. एक म्हणतो थांबा, कायदा आहे. दुसरा म्हणतो गॅस दाबा. तिसऱ्यानं गाडीत मिरचीपूड ठेवायला सांगितली... त्या बाबाला बहुतेक गाडीतच भजी तळायची असावीत.

माझं उत्तर कमेंटमध्ये मावत नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

आधी एक कबूल करतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्याला सबळ कारण आहे — मी स्वतःच इतकी भुतं तयार केलीत! देगलूरच्या नाक्यावर बसून एकट्यानं दोन-अडीच डझन भुतं जन्माला घातली, त्यातली तीन अजून रस्त्यावर ड्युटीला आहेत. हलवाई आपलीच जिलेबी खात नसतो. शिवाय छप्पन साली बौद्ध धम्म घेताना आमच्या आज्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला, तेव्हाच म्हणाला होता, "देव गेला तर भूत कशाला ठिवायचं घरात? त्यालाबी चल म्हणा." असा आमचा खानदानी कारभार.

तरीपण हे घडलं. भर दुपारी घडलं.

लातूर नुकता जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले गेले, पण पेढ्यावर प्यायला पाणी नव्हतं. दुष्काळ असा, की मांजरा नदीतले मासे अंगावरची धूळ झटकत चालायचे. (हे जरा वाढवून सांगितलं. जरासंच.) मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, निलंग्याला टँकरवर. टँकर म्हणजे म्हातारा ट्रक आणि त्याच्या पाठीवर बांधलेली लोखंडी टाकी.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. सरकारी जीपांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खरवडून काढायचा हुकूम तडकाफडकी आला. नवीन नाव लिहायचा मात्र वाटेत कुठंतरी चहाला थांबला असावा. पेंटर होते ते सगळे हापिसांच्या पाट्या रंगवण्यात गुंतलेले. त्यामुळं काही महिने सगळ्या जीपा कोऱ्या! पुढं नुसता ताज्या रंगाचा एक चौकोन. आत तहसीलवाला बसलेला असो, पोलीस असो, नाहीतर कुणी लफंगा असो — चौकोन तोच. अशाच एका कोऱ्या जीपनं भरलेला टँकर अडवून कुणाच्या तरी मोसंबीच्या बागेत रिकामा करून घेतला, अशी बातमी आम्हा ड्रायव्हरांत फिरत होती.

आमचे उस्ताद गफूरमामू, मुदखेडचे. त्यांना नुसतं येताना बघून ट्रक स्टार्ट व्हायचा. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "देखो मियाँ, रुक गया तो झूटा मारता, भाग गया तो सच्चा मारता. बीच में रहनेका. हात बाहर निकालके बताना कि देख्या मैं. गाड़ी सुस्त करना. चार आदमी दिखे वहाँच लगाना, इंजन चालू रखना, उतरना नक्को. फिर नाम पूछना."

हा नियम मी पाढ्यासारखा पाठ केला.

माझी थोरली बहीण, अक्का, औराद रस्त्यावरून डावीकडं आत गेल्यावर एक गाव आहे, तिथं दिलेली. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांची वस्ती. त्या वस्तीत हगवण लागली होती. अक्काची तीन वर्षांची सुजाता दोन दिवस निपचित पडून होती. डॉक्टरनं दम भरला होता — वस्तीजवळच्या जुन्या बारवेचं पाणी तोंडाला लावायचं नाही, टँकरचंच प्या. आणि टँकर तर तीन दिवस फिरकला नव्हता. म्हणून मी हापिसात भांडून त्या दिवशीची खेप थेट वस्तीची लावून घेतली.

अक्काची सासू सोजरमावशी. काटक बाई, जीभ विळ्यासारखी. मी गेलो की थापा ऐकायला सगळी वस्ती जमायची, आणि ही कोपऱ्यातून म्हणायची, "बोला पावणं, बोला. तुमच्या थापांनी घागर भरली असती तर टँकर कशाला लागला असता?"

तर त्या दिवशी बाराच्या सुमाराला टाकी काठोकाठ भरून निघालो. टाकीच्या मागं पाणी सोडायचा वाल असतो. माझ्या वालाचे आटे झिजलेले, म्हणून मी तो सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधायचो. त्या दिवशीही बांधला होता.

बांधला होता का?... असो.

औरादचा डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगाला सपाट रान, झाड नाही, झुडूप नाही. कोसावर शेळी शिंकली तरी दिसावी. मैलभर गेलो असेन, आणि उजव्या आरशात जीप दिसली. पन्नास-साठ पावलांवर. पुढं ताज्या रंगाचा चौकोन, नाव नाही. काचेवर ऊन चमकत होतं, म्हणून आतलं तोंड कुणाचंच दिसेना. ड्रायव्हरच्या शेजारून एक हात बाहेर आला होता. खाकी बाही. पंजा पालथा, आणि तो खाली दाबल्यासारखा हलत होता. खाली... खाली... खाली...

"थांब" म्हणायची ही रस्त्यावरची खूण कुठल्याही ड्रायव्हरला कळते.

टाकीतलं पाणी म्हणजे सुजाताचं पाणी. पण मी डगमगलो नाही. मामूचा नियम! हात बाहेर काढून दाखवला — पाहिलं, साहेब. गाडी सुस्त केली. पुढं फाट्यावर शिवाप्पाचं चहाचं हॉटेल होतं, तिथं चार काय दहा माणसं असायची. तिथवर जायचं ठरवलं. बैलगाडीनंही ओव्हरटेक करावं इतका हळू चाललो. जीपही तितकीच हळू. ना हॉर्न वाजवला, ना पुढं आली. नुसता तो हात... खाली, खाली. पाव तास तरी हे चाललं असेल. मीच मला शाबासकी देत होतो. पळालो नाही, थांबलो नाही. बीच में!

फाट्यावर गाडी लावली. इंजिन चालू. उतरलो नाही. आता नाव विचारायचं म्हणून आरशात पाहिलं.

रस्ता रिकामा.

शिवाप्पा हॉटेलातून ओरडला, "बा रे उत्तमण्णा! हात काऊन भाईर काढलास? वरातीत नाचून राहिला का?"

"जीप कुठं गेली?" मी म्हणालो.

"कंची जीप? तू येकलाच येऊन राहिलास की मघापासनं. आन् आरं... आरं बाबा, मागं पानी व्हातंय तुजं!"

उडी मारली. ट्यूब एका बाजूनं लोंबत होती आणि वालातून मनगटाएवढी धार. धावत जाऊन बंद केला. वर चढून टाकीत डोकावलो. तळाला ढोपराएवढं पाणी, बास.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मुरमाच्या रस्त्यावर टँकरच्या आरशात धुळीशिवाय कधी काही दिसतं का हो? आरसा म्हणजे नुसता तांबडा पडदा असतो. त्या दिवशी आरसा लख्ख होता, कारण माझ्याच पाण्यानं माझीच धूळ बसवली होती. मला जीप दिसली, याचंच नवल मला आधी वाटायला हवं होतं. आणि तो हात "थांब" म्हणत नव्हता. तो खाली दाखवत होता. खाली बघ म्हणत होता! आणि मी नियमानं हळू चाललो, म्हणून एकेका पावलावर जास्तच सांडत गेलो.

शिवाप्पा म्हणाला, "मंग जीप गेली कुटं?" तो, मी आणि हॉटेलातले दोघं रस्त्यानं मागं चालत गेलो. मुरूम चिखलासारखा ओला. माझ्या चाकांचे ठसे पाण्यानं फुगलेले, आणि त्यांच्यावर... काही नाही. मागून जीप आली असती तर तिचे ठसे माझ्या ठशांवर पडायला हवेत, हे शेंबडं पोरही सांगेल. वळल्याची खूण नाही, रानात उतरल्याची नाही. दोन फर्लांग गेलो. फक्त माझा टँकर, आणि आमची पायताणं.

शिवाप्पानं कपाळाचं भस्म चाचपलं आणि एवढंच म्हणाला, "चल. पानी पोचीव आधी."

वस्तीत पोचलो तर घागरींची रांग लागलेली. ढोपराएवढं पाणी किती पुरणार? ज्या घरात आजारी लेकरं, त्यांना आधी दिलं. सुजातासाठी एक कळशी मिळाली. सोजरमावशीचा नंबर आला तेव्हा वालातून नुसती हवा आली. तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली.

मी सगळ्यांसमोर सांगितलं — कोरी जीप, हात, ठसे. बायाबापड्या एकमेकींकडं बघायला लागल्या. अक्कानं मान खाली घातली. आणि मावशी म्हणाली, "पावणं, आजच्या दिस तरी थाप जरा वली मारायची."

"मावशी, शपथ. दिवस मावळायच्या आत दुसरी खेप आणतो. बारवेकडं फिरकू नका."

"तुमचा दिस कवा मावळतो, ते तुमालाच ठावं."

लोकहो, मी जन्मात असा टँकर हाणला नाही. विहिरीवर आधी आलेल्यांच्या पाया पडलो, नंबर मागून घेतला, वाल दोन ट्यूबांनी बांधला. आणि दिवस मावळायच्या आत वस्तीत पोचलो. ऊन अजून छपरांवर होतं. शब्द पाळला होता!

मावशी दारात बसली होती. शेजारी भरलेली घागर. घागरीखालचा दगड ओला.

"सुजीची धडुती धुवाया बारवंचं आनलं," ती म्हणाली. "म्या निसतं येक घोटभर घेतलं. उनाचा जीव कासावीस झाला व्हता." मग टँकरकडं बघून म्हणाली, "आलासा व्हय खरंच?"

तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. सुजाता उठून बसली तेव्हा आजी निलंग्याच्या दवाखान्यात होती. मी रोज जायचो. एका सकाळी तिनं डोळे उघडले, मला जवळ बोलावलं.

"पावणं, त्या जीपवर नाव काय व्हतं?"

"काहीच नव्हतं, मावशी. कोरी होती."

तिनं माझं तोंड निरखून बघितलं. मग म्हणाली, "मंग खरी आसंल. थाप आसती तर तुमी नाव लिव्हलं आसतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

नंतर मी तहसीलच्या, पोलिसांच्या, बांधकामवाल्यांच्या, सगळ्या जीपवाल्यांना चहा पाजून विचारलं. त्या दुपारी त्या रस्त्याला कुणीच गेलं नव्हतं. गफूरमामूंना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते तंबाखू मळत होते, मळतच राहिले. "तू तो बराबर किया बेटा," म्हणाले. "सच्चे का बताया मैं, झूटे का बताया. तीसरा मेरे ध्यानमेंच नै आया था."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मामूचाच नियम पाळा. पळू नका, निर्जन जागी थांबू नका. इंडिकेटर देऊन कळवा की पाहिलं, हळू चला, पेट्रोल पंप किंवा माणसं दिसतील तिथं थांबा, दारं लावलेली ठेवा, ११२ ला फोन करा, काच थोडी खाली घेऊन ओळखपत्र मागा. एवढ्या वर्षांनंतरही मी भाच्यांना हेच शिकवतो. त्यात चूक नाही.

फक्त जाता जाता आरशात नीट बघा. तो माणूस काय म्हणतोय ते, आणि आपल्या मागं काय सांडतंय तेही. त्या दिवशी मी लगेच थांबलो असतो तर अर्धी टाकी तरी वाचली असती. आणि त्याआधी माझ्या थापा थोड्या कमी असत्या तर मावशी संध्याकाळपर्यंत थांबली असती. यातलं कुठलं जास्त छळतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जीप कुणाची, हात कुणाचा, ठसे का नव्हते — याचंही उत्तर नाही.

माझ्या बाकीच्या गोष्टींना दरवर्षी नवीन शेपूट फुटतं. ही मात्र नाक्यावर कधी सांगितली नाही. लोक विचारणार, जीपवर काय लिहिलं होतं? आणि माझ्यासारख्याला एक नाव टाकायला कितीसा वेळ लागतो... जुन्या जिल्ह्याचं टाकावं, मेलेल्या एखाद्या फौजदाराचं टाकावं, गोष्ट कशी झकास होईल. मोह पुष्कळदा झाला.

पण तो चौकोन मी अजून कोराच ठेवलाय.